हातगुण आणि पुरावा

‘औषधावाचून खोकला गेला’ अशी एक म्हण मराठींत आहे. अनायासें एखादी पीडा टळली म्हणजे ती वापरतात. परंतु म्हण करणाऱ्याचें निरीक्षण अक्षरशःहि खरें आहे. साधा खोकला पुष्कळदां औषधावाचूनच जातो. अडचण इतकीच कीं, औषध चालू असतांना तो गेला तर त्याचें श्रेय औषधास मिळतें. औषध देणाऱ्याच्या हाताला गुण आहे असें घरोघर बोललें जातें. आणि पुढच्या खोकल्याला तीच बाटली पुन्हां आणली जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडावी, तसा हा प्रकार. फांदी कावळ्यामुळें मोडली कीं ती मोडणारच होती, हें ओळखावयाचें कसें? हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे, आणि त्याचें उत्तर पद्धतशीरपणें शोधण्याचा मार्ग त्या मानानें फार अलीकडचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत न्यूमोनियावर, म्हणजे फुप्फुसाच्या दाहावर, शीर तोडून किंवा जळवा लावून रक्त काढणें हा सर्वमान्य उपचार होता. रक्त काढल्यावर रोगी शांत पडे, आणि पुष्कळ रोगी पुढें बरेहि होत. अनुभवी वैद्यांना याहून अधिक प्रमाणाची गरज वाटत नसे. पॅरिस येथील पिएर लुई या वैद्यांनीं मात्र मोजदाद करावयाचें ठरविलें. न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचे त्यांनीं दोन वर्ग पाडले. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचें रक्त काढण्यास आरंभ झाला ते एक, आणि त्यानंतर ज्यांचें काढलें ते दुसरे. पहिल्या वर्गांतील शेंकडा ४४ रोगी दगावले; दुसऱ्या वर्गांतील शेंकडा २५. हे आंकडे १८३५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. दोन्ही वर्गांतील रोगी सर्व बाबतींत सारखे नव्हते, म्हणून हा हिशेब निर्दोष म्हणतां येत नाहीं. तथापि जो उपचार शतकानुशतकें तारक म्हणून चालला होता, तो निदान तितका तारक नाहीं, एवढें त्यावरून उघड झालें. वैद्यास आपले बरे झालेले रोगी आठवतात. न बरे झालेले सगळेच परत येऊन सांगत नाहींत. मोजणींत मात्र दोघांचीहि नोंद होते.

नुसती मोजणीहि पुरी नव्हे. जिच्याशीं ताडून पाहावयाचें ती बाजूहि समतोल हवी. याचा आदर्श म्हणून १९४८ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेला क्षयरोगावरील प्रयोग दाखवितात. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध त्या वेळीं नवें होतें आणि त्याचा साठा थोडा होता. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांच्या योजनेप्रमाणें १०७ रोग्यांपैकीं कोणास विश्रांतीबरोबर औषध द्यावयाचें आणि कोणास नुसती विश्रांति, हें डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलें नाहीं. बंद लिफाफ्यांत आधींच घालून ठेवलेल्या चिठ्ठीनें तें ठरे. त्यामुळें बरे होण्याजोगे रोगी एका बाजूस आणि हाताबाहेर गेलेले दुसऱ्या बाजूस, असा पक्षपात होण्यास वाव राहिला नाहीं. सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्या ५५ रोग्यांपैकीं ४ मरण पावले होते. नुसत्या विश्रांतीवरील ५२ पैकीं १४. औषधाचा गुण येथें सिद्ध झाला. त्याच प्रयोगांत हेंहि दिसून आलें कीं, एकटें तेंच औषध घेणाऱ्या अनेकांच्या शरीरांतील जंतु कांहीं काळानें त्यास दाद देईनासे झाले.

यानंतरचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशांत झाला. क्षयाच्या रोग्यास आरोग्यधामांत ठेवून स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांति आणि पौष्टिक आहार दिलाच पाहिजे, अशी सर्वत्र समजूत होती. १९५६ सालीं मद्रास येथें वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखालीं १९३ रोग्यांची यदृच्छेनें वांटणी करून कांहींना आरोग्यधामांत आणि कांहींना त्यांच्या गरीब घरांतच ठेवून तींच औषधें वर्षभर देण्यांत आलीं. घरीं राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता, जागा अपुरी होती, विश्रांतीहि कमी होती. तरी १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही बाजूंचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. आणि रोगी घरीं ठेवल्यामुळें घरांतील माणसांस क्षयाची अधिक बाधा झाली, असेंहि दिसलें नाहीं. लक्षावधि क्षयरोग्यांस घरीं राहून उपचार घेतां येऊं लागले, यामागें हा पुरावा आहे.

या विचारपद्धतीस १९९१ सालीं कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट यांनीं जें नांव दिलें, त्यास मराठींत पुराव्याधिष्ठित वैद्यक म्हणतां येईल. त्यांचे ज्येष्ठ सहकारी डेव्हिड सॅकेट यांनीं १९९६ सालीं तिचा अर्थ स्पष्ट केला. उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, डॉक्टराचा स्वतःचा अनुभव आणि रोग्याची इच्छा, या तिहींचा मेळ घालून निर्णय घ्यावा, असें तिचें सार आहे. म्हणजे अनुभवास हांकलून द्यावयाचें नसून त्यास ताळा जोडावयाचा आहे. आणि ह्या ताळ्याची गरज मोठ्या इस्पितळापेक्षां घरच्या डॉक्टराच्या दवाखान्यांतच अधिक भासते. इस्पितळांत जातो तो रोगी बहुधा निवडून, चाळून आलेला असतो. दवाखान्याच्या बांकावर मात्र खोकणारीं माणसें ओळीनें बसलेलीं असतात. त्यांतील बहुतेकांना कांहींहि मोठें झालेलें नसतें आणि एखाद्याला तेवढें झालेलें असतें. तो एक ओळखावयाचा आणि बाकीच्यांना विनाकारण औषधें द्यावयाचीं नाहींत, हें घरच्या डॉक्टराचें खरें कौशल्य होय.

घसा दुखणें ही नित्याचीच तक्रार घ्या. बहुतेक वेळां तिचें कारण विषाणु असतात, आणि विषाणूंवर प्रतिजैविक औषधें, म्हणजे ज्यांना सर्वजण अँटिबायोटिक म्हणतात तीं, मुळींच चालत नाहींत. थोड्या रोग्यांत मात्र स्ट्रेप्टोकोकस नांवाचे जंतु असतात. हे थोडे कोणते? १९८१ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट सेंटर यांनीं मोठ्या माणसांसाठीं चार साध्या खुणा तपासून पाहिल्या: ताप असणें, टॉन्सिलवर पांढरा पापुद्रा दिसणें, मानेच्या पुढील भागांतील गांठी सुजून दुखणें, आणि खोकला नसणें. यांपैकीं एकहि खूण नसेल तर स्ट्रेप्टोकोकस असण्याचा संभव शंभरांत दोनतीन इतका अल्प. चारहि असतील तर शंभरांत पन्नासाच्या घरांत. प्रयोगशाळा नाहीं, यंत्र नाहीं. एक दिवा, दोन बोटें आणि चार प्रश्न यांवर निदानाचा मोठा भाग उरकतो. उपचाराचेंहि तसेंच. घसादुखीच्या दहा रोग्यांपैकीं सुमारें आठजण आठवड्याच्या आंत प्रतिजैविकाशिवायच बरे होतात. औषधानें दुखण्याचा काळ सरासरीनें दिवसाहूनहि कमी घटतो.

मग हीं औषधें घशास कधींच देऊं नयेत काय? येथें स्थळकाळाचा विचार येतो. स्ट्रेप्टोकोकसमुळें कांहीं मुलांना पुढें संधिवाताचा ताप येतो आणि त्यांत हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. वेळींच पेनिसिलिन दिल्यास हा ताप टळतो, हें १९५० च्या सुमारास अमेरिकन सैनिकांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. संपन्न देशांत हा विकार आतां दुर्मिळ झाला आहे, आपल्याकडे तो अद्याप गेलेला नाहीं. यास्तव शाळकरी मुलाच्या घशांत वरील खुणा स्पष्ट असतील, तर येथील डॉक्टर पेनिसिलिन वर्गांतील औषध देण्याकडे अधिक झुकतो, आणि तें योग्यच आहे. तें दिलें म्हणजे सांगितलेले सर्व दिवस घ्यावयाचें. घसा उतरला म्हणून तिसऱ्या दिवशीं सोडावयाचें नाहीं. रोग्याचें तोंड उघडेनासें झालें, लाळहि गिळतां येईना, किंवा श्वास घेतांना घरघर होऊं लागली, तर मात्र तो घसा साधा नव्हे. तेथें घटकाभराचाहि विलंब नको.

खोकल्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सर्दीपडशानंतरचा खोकला किती दिवस टिकेल, असें अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांतील लोकांना विचारलें असतां त्यांनीं सरासरी सात ते नऊ दिवस सांगितले. प्रत्यक्ष अभ्यासांचा हिशेब काढला तेव्हां हा काळ सरासरी अठरा दिवसांचा निघाला. हे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. लोकांच्या अपेक्षेंत आणि निसर्गाच्या चालींत जें हें दहा दिवसांचें अंतर आहे, त्यांतच बहुतेक अनावश्यक औषधें दिलीं जातात. आठव्या दिवशीं माणूस कंटाळून डॉक्टर गांठतो, प्रतिजैविक मागून घेतो, पुढें आठदहा दिवसांत खोकला आपोआप ओसरतो, आणि औषधाचा महिमा गाइला जातो. वस्तुतः अशा खोकल्यांत तें औषध खोकल्याचा काळ सरासरी अर्ध्या दिवसानें कमी करतें, व त्याच्या मोबदल्यांत कित्येकांना जुलाब, मळमळ किंवा अंगावर पुरळ देऊन जातें. एक वर्षावरील मुलास झोपतांना चमचाभर मध दिल्यास रात्रीच्या खोकल्यास थोडा आराम पडतो; एक वर्षाच्या आंतील बालकास मात्र मध देऊं नये, कारण त्यांतून क्वचित् एका घातक विषबाधेचा धोका संभवतो.

परंतु हा अठरा दिवसांचा आंकडा जसाच्या तसा आपल्या घरांत आणतां येत नाहीं. भारतांत क्षयरोग अजून फार आहे. म्हणून येथील राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा कीं, दोन आठवडे किंवा अधिक खोकला टिकल्यास क्षयाची तपासणी करावी. बेडक्यांतून रक्त पडणें, संध्याकाळीं कणकण येणें, वजन घटणें, हीं लक्षणें असतील तर वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. जॉर्जियांत जो खोकला निर्धास्तपणें सोडून देतां येतो, तोच पुण्यामुंबईंत चाचणीस पात्र ठरतो. रोग त्या जागीं किती आढळतो, यावर निदान अवलंबून असतें.

हें तत्त्व तापाच्या चाचण्यांना फारच लागू पडतें. विषमज्वरासाठीं, म्हणजे टायफॉइडसाठीं, जी विडाल चाचणी केली जाते ती १८९६ सालची आहे. ती रक्तांतील जंतु शोधीत नाहीं. जंतूंविरुद्ध शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें शोधते. तीं मागील आजारामुळें, लसीमुळें किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गामुळेंहि रक्तांत असूं शकतात. आतां एक काल्पनिक हिशेब पाहावा. समजा, एखादी चाचणी शंभर खऱ्या रोग्यांपैकीं नव्वदांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकीं दहांना चुकीनें रोगी ठरविते. ताप आलेल्या सरसकट एक हजार माणसांची ती केली, व त्यांपैकीं विसांनाच विषमज्वर आहे असें धरलें, तर अठरा खरे रोगी सांपडतील. पण उरलेल्या ९८० पैकीं ९८ जणांवरहि तोच शिक्का बसेल. म्हणजे ११६ जणांचे कागद ‘रोग आहे’ म्हणून येतील आणि त्यांत खरा रोगी सहासातांत एक. तीच चाचणी डॉक्टरानें लक्षणें पाहून निवडलेल्या एक हजार जणांची केली, व त्यांपैकीं चारशांना विषमज्वर असला, तर ३६० खरे आणि ६० खोटे निघतील. म्हणजे सातांत सहा खरे. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच. परंतु कागदाचा अर्थ पार बदलला. पहिल्याच दिवशीं ‘सगळ्या टेस्ट करून टाकूं’ म्हणणाऱ्यानें हा हिशेब ध्यानांत ठेवावा. विषमज्वराचा खरा संशय असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीं रक्तांतील जंतूंची वाढ करून पाहण्याची चाचणी अधिक विश्वसनीय असते.

जुलाबांवरील उपचारानें तर सर्वांत साध्या वस्तूची योग्यता दाखवून दिली. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां दिलीप महालनोबिस या डॉक्टरांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातीं दिलें. आधीं शंभरांत तीसच्या आसपास रोगी मरत होते. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत हें प्रमाण शंभरांत चारांहूनहि खालीं आलें. ग्लुकोजच्या सोबतीनें आंतडें मीठ व पाणी शोषून घेतें, हें त्यामागील शास्त्र. आज दुकानांत मिळणारी ओ. आर. एस. ची पुडी तीच. ती तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यांत, बहुधा एक लिटरांत, कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावें. मुलांना याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस जस्त द्यावें, अशी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं २००४ सालीं शिफारस केली. जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊं नयेत. शौचांत रक्त पडणें, डोळे खोल जाणें, लघवी बंद होणें, मूल सुस्त पडून पाणीहि न पिणें, हीं लक्षणें दिसतांच डॉक्टर गांठावा.

कंबर धरली म्हणजे अंथरूण धरावें, ही समजूतहि तपासून पाहण्यांत आली आहे. हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गांतील १८६ जणांवर झालेला प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना दोन दिवस पडून राहण्यास, कांहींना ठराविक व्यायाम करण्यास, आणि कांहींना जमेल तितके नेहमींचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितलें होतें. लवकर बरे झाले ते तिसऱ्या वर्गांतील. पाठीचा फोटो काढण्याची घाईहि अशीच फसवी ठरते. ज्यांची कंबर मुळींच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे चुंबकीय फोटो काढले, तेव्हां निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांतील चकती फुगलेली दिसली. हा अहवाल १९९४ सालचा आहे. फोटोंत दिसतें तें सर्वच दुखण्याचें कारण नसतें. पायांतील शक्ति जाणें, लघवी-शौचावरील ताबा सुटणें, बैठकीची जागा बधिर होणें, किंवा कंबरदुखीबरोबर ताप येणें, ह्या खुणा असतील तर मात्र ताबडतोब तपासणी हवी.

आतांपर्यंतच्या बहुतेक उदाहरणांत औषध नसतांहि गुण येत होता. रक्तदाबाचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. येथें औषध काम करतें, पण गुण जाणवत नाहीं. कारण मुळांत दुखतच कांहीं नसतें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या इस्पितळांत, ज्यांच्या रक्तदाबाचा खालचा आंकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९६७ सालीं जाहीर झाला. सुमारें दीड वर्षाच्या देखरेखींत, औषधासारख्या दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या घेणाऱ्या ७० पैकीं २७ जणांवर पक्षाघातासारखीं गंभीर संकटें ओढवलीं. खरें औषध घेणाऱ्या ७३ पैकीं अवघ्या दोघांवर. ‘मला कांहींच होत नाहीं, मग गोळी कशाला?’ असें म्हणून ती सोडून देणारे गृहस्थ घरोघर आढळतात. त्यांच्या अंगीं येणारा गुण हा न आलेल्या पक्षाघाताचा गुण आहे. तो डोळ्यांस दिसणार कसा? अर्थात् निदान मात्र पक्कें हवें. पांच मिनिटें शांत बसून, हात टेकवून, निरनिराळ्या दिवशीं मोजलेल्या आंकड्यांवर तें ठरावें. जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या एका आंकड्यावर जन्माची गोळी सुरू होऊं नये.

घशासाठीं प्रतिजैविक मागून घेणारा आणि रक्तदाबाची गोळी फेकून देणारा गृहस्थ पुष्कळदां एकच असतो. दोन्ही वेळां तो आपल्या प्रचीतीवर विसंबतो, आणि दोन्ही वेळां प्रचीति त्याला फसविते. पहिल्या चुकीचा भार तर त्याच्या एकट्यावर पडत नाहीं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या भाषणांतच, पेनिसिलिनचा अर्धवट वापर केल्यास जंतु त्यास दाद देणार नाहींत, असा इशारा दिला होता. तो खरा ठरला. आज साध्या खोकल्यावर उधळलेलें औषध उद्यां त्याच घरांतील बाळाच्या न्यूमोनियावर चालेनासें होऊं शकतें.

या व्यवहारांत डॉक्टराइतकीच जबाबदारी कुटुंबाचीहि आहे. सुई टोंचली नाहीं, बाटली दिली नाहीं, म्हणून रोगी शेजारच्या दवाखान्यांत जात असेल, तर विवेकानें वागणाऱ्या डॉक्टराचा संसार चालावयाचा कसा? म्हणून डॉक्टराकडे औषध मागण्याऐवजीं चार प्रश्न विचारावे. हें बहुधा काय आहे, आणि दुसरें काय असूं शकेल? कांहींच केलें नाहीं तर काय होईल? या उपचारानें शंभरांतील किती जणांस लाभ होतो आणि किती जणांस उपद्रव? आणि कोणती खूण दिसल्यास लगेच परत यावें? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या डॉक्टरानें रोग्यास नीट तपासून ‘आज औषध नको, परंतु श्वास वाढला, तर रात्रीसुद्धां घेऊन या’ असें सांगितलें, त्यानें रिकाम्या हातानें पाठविलें असें समजूं नये. त्याची फी त्या सांगण्याची आहे, आणि ती आनंदानें द्यावी.